बारा वाव

टोपी खुंटीला अडकव, म्हटलं,
तर त्यानं डाव्या हातानं अडकवली.
तिथंच मला अर्धं कळलं.
उरलेलं अर्धं कास्त्रोच्या इस्पितळात
एक्स-रेवर कुणाला दिसलं नव्हतं.
हाड धड आहे, म्हणाले,
गोळ्या दिल्या आणि पाठवलं घरी.

रेमिखिओ चिग्वाय, वय एकेचाळीस,
होडीत बसून पाणबुड्याची हवेची नळी सांभाळणारा.
उजवा हात खांद्याच्या वर जात नाही
गेल्या हिवाळ्यापासून. म्हणजे ऑगस्ट.
ऑगस्टमध्ये काय झालं ते आमच्या बेटावर
सगळ्यांना ठाऊक आहे,
म्हणून मी विचारलं नाही.

मी अंग चोळते, हाडं बसवते. आईही बसवायची.
चुलीवर समुद्रसिंहाची चरबी पातळ होते,
घरभर वास सुटतो,
शहरातल्या पोरी नाक दाबतात.
अंगठा आधी पाठीवर नुसता ठेवायचा,
अनोळखी कुत्र्याला हात हुंगू देतात तसा.
पाठ हुंगते. मग ठरवते.

पहिल्या दिवशी पाठीनं काही ठरवलं नाही.
तो बटाट्यांबद्दल बोलत राहिला, करपा पडलाय म्हणाला.
फऱ्याखाली गाठी लागल्या, ओल्या दोराला पडतात तशा,
नखांनी न सुटणाऱ्या.
सांध्यात वावच उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी गप्प.
जबडा असा आवळलेला
की कानामागं बोट टेकवलं तर दात वाजले.
लोक म्हणतात, पोटात ठेव.
पोटात कुठं राहतं?
ठेवलेलं सापडतं भलतीकडंच, मांडीत, टाचेत,
एका बाईचं तर मला करंगळीत सापडलं होतं,
सासऱ्याचं नाव होतं ते.

तिसऱ्या दिवशी बगलेखालची शीर धरली
आणि हात हलायला लागला.
त्याचा. त्याला न विचारता.
पालथा पडलेला माणूस, डोळे मिटलेले,
आणि उजवा हात खाटेखालून काहीतरी ओढतोय,
धरतोय, ओढतोय, पुन्हा धरतोय.
मी अंगठा काढला नाही.
"एक वाव," तो म्हणाला. "दोन."

लादिस्लाओ बारा वाव खाली होता,
बहिणीचा नवरा, कालवं काढायला उतरलेला.
बारा वाव म्हणजे फार नाही.
"सहा. सात.
हलकी लागतेय, बाई.
नळी हलकी लागतेय."
आठ. नऊ.
दहानंतर आकडा आला नाही.
जे आलं त्यानं माझी कुत्री
चुलीमागून उठली आणि बाहेर पावसात जाऊन बसली.

बऱ्याच वेळानं त्याला म्हटलं,
दोन वाव आत राहिलेत, राहू देत,
सगळंच ओढून काढायचं नसतं.
शहाणपणानं म्हटलं असं वाटलं असेल त्याला.
माझे अंगठे दमले होते.

अर्धं पोतं बटाटे दिले त्यानं,
करपा न लागलेले, एकेक निवडून.
मी हात धुतले गार पाण्यात, कोपरापर्यंत,
आणि पाणी दारापासून लांब ओतलं,
आई ओतायची तिथं, जिथं अजून काही उगवत नाही.

जाताना दाराशी रेंगाळला.
होडीला रंग द्यायचाय, निळा की हिरवा,
बहीण म्हणते हिरवा,
आणि बोलता बोलता खुंटीवरून टोपी काढली
उजव्या हातानं.
त्याच्या लक्षात आलं नाही.
मी सांगितलं नाही.

ती खुंटी मी मुद्दाम उंच ठोकलीय, वीस वर्षांपूर्वी.
आता शाल अडकवायची तर
मलाच स्टूल लागतं.